सहा रातपाळीवाल्यांचं रक्त

सोलापूरला लोक चादरी आणायला जातात, नाहीतर तिथून पुढे अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला. मी सहा माणसांचं रक्त आणायला गेले होते. परत येऊन तीन आठवडे झाले, तरी बहिणीपासून दूधवाल्यापर्यंत जो तो विचारतो, "काय, कसं काय सोलापूर?" प्रत्येकाला वेगळं सांगायची ताकद आता माझ्यात नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी लॅब टेक्निशियन. वय अठ्ठावन्न. पुण्यातल्या एका रुग्णालयात एकोणीस वर्षं रात्रपाळी केली, मग एका संशोधन संस्थेत दिवसाची नोकरी मिळाली. दिवसाची मिळाली खरी, पण तोवर झोप कायमची रुसली होती. तिशीत मी रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस घेतली, आमच्या धंद्यात ती घ्यावीच लागते. तीन डोस झाल्यावर रक्त तपासलं तर अँटीबॉडी शून्य. पुन्हा तीन घेतले. पुन्हा शून्य. डॉक्टर म्हणाले, "काही जणांना लागू होत नाही, त्यातल्या तुम्ही." का होत नाही, ते कोणी सांगेना. मला मात्र राहून राहून आठवायचं की त्या सगळ्या सुया मी सकाळी आठला, रात्रभर जागून ड्यूटी संपता संपता घेतल्या होत्या. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात बसला: ते जागरणानं झालं का?

म्हणून आमच्या संस्थेतल्या मॅडमनी लशीच्या वेळेचा हा अभ्यास काढला तेव्हा मी आपणहून नाव दिलं. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. झोप, भूक, अंगाचं तापमान त्या घड्याळाबरोबर चढतात आणि उतरतात. रोगाशी लढणाऱ्या पेशींचीसुद्धा कामाची आणि विश्रांतीची वेळ ठरलेली असते. मग लस सकाळी टोचली काय आणि संध्याकाळी टोचली काय, फरक पडत असेल का? काही ठिकाणी सकाळी घेतलेल्यांत अँटीबॉडी जास्त दिसल्या, काही ठिकाणी काहीच फरक दिसला नाही. आणि ज्यांचं घड्याळच उलटं फिरतं, त्यांचं काय? त्यासाठी सोलापूरचे यंत्रमाग कामगार निवडले. काही दिवसपाळीचे, काही रातपाळीचे. निम्म्यांना फ्लूची लस सकाळी आठला, निम्म्यांना संध्याकाळी पाचला. ती कारखान्याजवळच्या एका खोलीत, कार्ड दाखवून घ्यायची. आदल्या दिवशी घरी जाऊन एकदा रक्त घ्यायचं आणि चार आठवड्यांनी पुन्हा.

रातपाळी करून सकाळी लस घेतलेल्या सहाच्या सहा जणांच्या रक्तात काही म्हणजे काही वाढ झाली नव्हती. ती तपासणी मी माझ्या हातानं केली. आकडे बघून मला आधी माझ्याच सहा सुया आठवल्या, खोटं कशाला सांगू? मॅडम म्हणाल्या, "नमुने खराब झाले असतील. तुम्ही स्वतः जाऊन परत आणा. पुन्हा तेच आलं तर छापू." माझं कंत्राट आणखी वर्षभराचं होतं. बहीण म्हणत होती, सोड आता. मी म्हणत होते, एवढं उत्तर मिळू दे, मग सोडते.

बुधवार, पूर्व भाग

मार्चचा महिना, आणि सकाळी दहालाच डोकं भाजून निघत होतं. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. मूळची तेलुगू माणसं, घरात तेलुगू, बाहेर मराठी. एका हातात बर्फाचा थर्माकोलचा डबा आणि खांद्यावर सुयांची पिशवी घेऊन मी गल्लीत शिरले आणि पुण्याच्या सवयीनं नरसय्या या पहिल्या माणसाच्या नावानं खणखणीत हाक मारली.

दारं उघडली ती चार आणि चारीतून बायका बाहेर आल्या, तोंडावर बोट ठेवून. त्यातली एक पदर सावरत पुढे आली. "वरडू नका वो ताई! गल्लीत सात माणसं झोपल्यात." ही राजम्मा, नरसय्याची बायको. तिनं मला ओट्यावर बसवलं आणि कुजबुजतच रीत समजावली. दाराला जाड चादर लावलेली दिसली की आत रातपाळीचं माणूस झोपलंय असं समजायचं. भाजीवाला त्या गल्लीत आरोळी देत नाही. बायका भांडतात त्यासुद्धा हळू आवाजात. मी माझ्या सोसायटीचा विचार केला. मी रात्रपाळी करून झोपले की नेमका वरचा मजला खिळे ठोकायला घ्यायचा आणि सांगायला गेलं तर म्हणायचे, "दिवसा कोण झोपतं?" एकोणीस वर्षं मी कानात कापूस घालून झोपले आणि इथे अख्खी गल्ली कुजबुजत होती. मला हेवा वाटला.

"उठवू का त्यास्नी?" राजम्मानं विचारलं, पण तोंड असं केलं की हो म्हणायची माझी छाती झाली नाही. मी चार वाजेपर्यंत थांबले. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, बोटं चालू आणि तोंडही चालू. "अन्नं तिन्नारा?" म्हणाली आणि लगेच, "जेवलासा का, म्हणते." मी नाही म्हणायच्या आत ताट पुढे आलं. चिंचेचा चारू म्हणजे आपल्या आमटीचा पातळ, झणझणीत भाऊ, त्याबरोबर भात, आणि कडक भाकरी नि शेंगाची चटणी. ती भाकरी पापडासारखी मोडते हे मला ठाऊक नव्हतं. मी ती ओढायला गेले आणि अर्धी ओट्याखाली गेली. राजम्मा हसली, तेही आवाज न करता.

मग तिनं मनातलं काढलं. "ताई, ह्यांच्या अंगात लस लागली न्हाई म्हणत्यात, खरं का?"

"तसं दिसतंय. म्हणून परत बघायचंय."

"ते रातपाळीनंच की! तेवीस वर्षं झाली. पाय सुजत्यात, जेवान पचत न्हाई, पोरावर उगा खेकसत्यात. मालकाला सांगून दमले, दिवसपाळी द्या म्हणून. तुमच्या कागदावर तसं लिवून द्या. कागद बघितल्यावर ऐकंल त्यो."

मी म्हटलं, "आलं तसं तर लिहीन." पण मनात म्हटलं, बाई, तुझ्यापेक्षा मलाच तो कागद जास्त हवाय.

चार वाजता नरसय्या उठला. डोळे लाल, केस उभे, हातात 'सकाळचा' चहा. मनुष्य गरीब स्वभावाचा. आपणहून बाही वर केली. मी रक्त घेतलं, फॉर्म काढला आणि विचारलं, "लशीनंतर ताप आला होता? हात दुखला? सूज?"

"काय न्हाई बगा. काडीचा तरास न्हाई."

मी प्रत्येक रकान्यात 'नाही' लिहिलं आणि खूण केली. बाकीचे चार जण त्याच्याच कारखान्यातले, शेजारपाजारचे. सहापर्यंत त्यांचंही काम झालं. कोणालाच काडीचा त्रास झाला नव्हता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दमलेल्या माणसाला जे हवं तेच दिसतं.

गुरुवार, अक्कलकोट

सहावा शिवप्पा. तो बहिणीच्या बाळाच्या बारशाला अक्कलकोटजवळच्या आपल्या गावी गेला होता. एसटीनं अक्कलकोट गाठलं. देवळाबाहेरच्या दुकानांत एकाच वाक्यात मराठी आणि कानडी ऐकू येत होती. दर्शनाची रांग बघून बाहेरूनच हात जोडले. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं, ते माझ्या साडीवर सांडलं. एका लस्सीवाल्याकडून बर्फ मागितला. "कशाला पाहिजे?" म्हणाला. "रक्ताला," म्हटलं. त्यानं बर्फ दिला आणि मग दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

शिवप्पाच्या घरी मांडव होता. त्याची आई दारातच म्हणाली, "बर्री, बर्री, ऊटा आतेन्री?" म्हणजे पुन्हा जेवणच. या जिल्ह्यात उपाशी माणूस दिसणं लोकांना सहन होत नाही असं दिसलं. गव्हाची हुग्गी म्हणजे खीर वाढली, वर तुपाची धार. पाहुणी म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान मला देऊ केला. मी रक्त काढणारी बाई, मी कशी तान्ह्या पोराच्या कानाशी लागणार! नको म्हटलं.

जेवणं उरकल्यावर शिवप्पाला कोपऱ्यात बसवलं. रुंद खांद्यांचा गडी, पण सुई बघताच चेहरा पांढरा पडला. "पुन्यांदा? अवो, दोनदा रगत दिलं की!" आई कानडीत काहीतरी बोलली आणि सगळ्या बायका खो खो हसल्या.

"काय म्हणतात?" मी शिवप्पालाच विचारलं.

"म्हणते, लहानपणापासून सुईला भितो. शाळंत टोचायला आले की झाडावर चढून बसायचा."

"मग लस कशी घेतलीस?" मी सहज विचारलं.

"मी कुटं घेतली? अंबादासनं घेतली की."

मला वाटलं, तो चेष्टा करतोय. "कोण अंबादास?"

"माझ्या मागावरचा दिवसपाळीवाला. त्यो आल्याबिगर मला माग सोडता येत न्हाई ना. रातभर उभं ऱ्हाऊन कोण रांगंत थांबतंय? त्यो घरनं येताना वाटंतच ती लशीची खोली. आदल्या दिशीच माझं कार्ड नेलं, टोचून घेतलं, आला आन् म्हणाला, तुझं काम झालं, जा झोप."

"अरे, पण तुझ्या ऐवजी दुसऱ्यानं?"

"बदलीच की वो म्याडम," तो मलाच समजावू लागला. "मागावर चालतीया न्हवं? माजं काय अडलं की त्यो हुबा ऱ्हातो, त्याचं अडलं की मी. माग बंद पडू द्यायचा न्हाई. कार्डावर काम झाल्याशी मतलब, हुबं कोण हाय ते कोण बगतंय?"

लपवाछपवी नाही, अपराधी भाव नाही. त्याच्या लेखी मित्रानं मित्रासाठी केलेलं साधं काम होतं ते. हसावं की कपाळ बडवावं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. ज्यांना लस लागू झाली नाही म्हणून आम्ही पुण्यात माना डोलावत होतो, त्यांनी लस घेतलीच नव्हती!

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून एकच विचार केला. गप्प बसले तर? शिवप्पा एकटा म्हणतोय. बाकीच्या पाचांना मी विचारलंच नाही तर? कार्डावर 'लस घेतली' लिहिलेलं आहे, खाली सही आहे, रक्तात शून्य आहे. यातलं मी काहीच खोटं लिहिलेलं नाही. छापून येईल, रातपाळीवाल्यांना सकाळी लस देऊ नका म्हणून. राजम्माला कागद मिळेल. आणि मला सव्वीस वर्षांनी कोणीतरी सांगेल की बाई, तुझ्या शरीरात खोट नव्हती, तुझ्याकडून करून घेतलेल्या जागरणात होती. ऐकायला किती गोड वाटलं असतं! वळसंग गेलं, सोलापूर आलं, तरी मी तोच विचार चघळत होते. लॉजवर पडून राहिले, डोळ्याला डोळा लागला नाही, पण तो मेला एरवीही लागत नाही.

शुक्रवार, पुन्हा पूर्व भाग

या वेळी हाक मारली नाही. नरसय्या कारखान्यातून नुकताच आला होता, पाय धूत होता. त्याच्याबरोबर एक हसतमुख गडी होता, त्या दिवशी सुट्टीवर असलेला. तोच अंबादास. आयताच सापडला. राजम्मानं चहा टाकला.

मी फार आढेवेढे न घेता विचारलं, "नरसय्या, फ्लूची लस तुम्ही स्वतः घेतलीत का?"

नरसय्यानं अंबादासकडे बघितलं. अंबादासनं छाती पुढे काढली. "मी घेतली की त्याची. त्याच्या मागावरचा दिवसपाळीवाला गावाला गेलता, मग मीच."

"शिवप्पाची पण तूच?"

"व्हय. आन् माजी माजी. तीन झाल्या."

"तीन! अरे बाबा, काही झालं नाही ना तुला?"

"दंड दुखला चार दिस. तिसऱ्या येळंला ती नर्सबाई म्हणाली, तुमाला बगितल्यावानी वाटतंय. मी म्हटलं, आमी सगळे सारकेच दिसतो वो बाई." आणि हसला. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, उगाचच, वेळ होऊन दोन महिने गेले होते. फ्लूच्या जास्तीच्या डोसानं सहसा काही होत नाही हे मला ठाऊक होतं. बाकीच्या चौघांच्याही बदल्या याच रीतीनं झाल्या होत्या. प्रत्येकाच्या मागावरच्या दिवसपाळीवाल्यानं त्याच्या नावची सुई घेतली होती. संध्याकाळच्या गटाला बदली लागली नव्हती, कारण पाचच्या सुमाराला रातपाळीवाला झोपून उठलेला असतो, आपल्या पायानं येतो. एवढी साधी गोष्ट! आम्ही घड्याळ बघून वेळ ठरवली आणि त्या वेळी माणूस कुठे उभा असेल ते विचारलंच नाही.

राजम्माला सगळं कळायला क्षण लागला. मग ती नवऱ्यावर अशी उखडली की गल्लीची रीतच विसरली. "तुमची लस त्यानं घेतली? उद्या तुमचं जेवान पण त्यानंच जेवू दे! मी हितं देवाला नवस बोलते, ह्यांच्या अंगात काय न्हाई म्हणून, आन् हे...!" शेजारणींची बोटं तोंडावर गेली. नरसय्या मान खाली घालून चहा पीत राहिला. एवढंच म्हणाला, "लई झोप आलती गं."

मी ओट्यावरूनच मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. "सहाही?" त्यांनी विचारलं. सहाही, म्हटलं. "मग ते सहा काढून टाकावे लागतील. उरलेल्यांवरून काहीच सांगता येणार नाही." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मी फोन ठेवला. एसटीत जे मनात आलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. इथे सांगते आहे.

राजम्मा विड्यांचं सूप घेऊन बाजूला येऊन बसली. अजून धुसफुसत होती, पण आता हळू आवाजात. "म्हंजे ताई, कागद न्हाई?"

"नाही."

"म्हंजे रातपाळीनं काय हुईत न्हाई म्हणायचं?"

"तसंही नाही म्हणता येत. माहीत नाही, एवढंच म्हणता येतं." मी फॉर्मची पिशवी बाजूला सारली. "मलासुद्धा पाहिजे होतं गं ते उत्तर. मीही एकोणीस वर्षं केली रातपाळी. मलापण लस लागली नाही, खरीच घेऊनसुद्धा. का, ते अजून कळलं नाही. आता नाहीच कळायचं." आणि रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, परक्या ओट्यावर, सकाळी साडेनऊ वाजता रडतेय. लाज वाटली, पण थांबेना.

राजम्मानं सूप खाली ठेवलं. ती माझी समजूत घालेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं बघितलं, निरखून, डॉक्टर बघतो तसं. मग म्हणाली, "तुमाला न्हाई म्हाईत. मला म्हाईत हाय. ह्यास्नी तेवीस वर्षं रोज बगतिया मी. कागदाला काय कळतंय? मालकाकडं मीच जाते, अशीच जाते, बगू काय करतोय ते." थोडं थांबून तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोन म्हणालं न्हाई का तुमाला, बास कर म्हणून?"

माझं लग्न त्या पाळ्यांतच विरून गेलं. त्यानंतर घरी कोणी नव्हतंच. बहीण म्हणते, पण ती फोनवर म्हणते. "कोणी नाही," मी म्हटलं.

"मग मी म्हणते. बास करा आता. तोंड बगा जरा आरशात."

निघण्यापूर्वी मी फॉर्म काढले आणि सहाही फॉर्मवर लाल शाईनं 'लस घेतली नाही' असं लिहून सही केली. राजम्मानं नवऱ्याला उठवून पायात चपला घालायला लावल्या आणि त्याला घेऊन ती कारखान्याच्या रस्त्याला लागली. मालक काय म्हणाला ते मला कळलेलं नाही. अंबादासनं माझा डबा रिक्षापर्यंत आणून दिला. मी त्याला बजावलं की आता कोणाच्याही नावानं सुई घ्यायची नाही. तो हो म्हणाला, पण मला खात्री नाही.

सोमवारी मी नोकरी सोडायचा अर्ज दिला. अर्जात कारणाचा एक रकाना असतो. त्यात 'प्रकृती' लिहितात, 'घरगुती अडचण' लिहितात. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि मग लिहिलं, 'रात्रपाळी'. मॅडमनी ते दोनदा वाचलं. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, सही केली.